हाकेला पूर्ण मार्क

दरवर्षी नवीन पोरी वॉर्डात शिकायला येतात आणि चहाच्या वेळेला हमखास एकीला तो प्रश्न सुचतोच. "ताई, तुमची बॅच ऑनलाइनवाली ना? मग ऑनलाइन बरं, की वर्गात बसून शिकलेलं बरं?" मी कप विसळायला उठते. विचारणारीचा काही दोष नसतो, पण माझं डोकं फिरतं. काय सांगू? मी स्वतः ऑनलाइन काही शिकलेच नाही. घरात फोन एक आणि शिकणारे दोन. धाकट्याची शाळा आणि माझं नर्सिंग बरोबर एकाच वेळेला. मी हजेरीपुरतं डोकावायचे, 'प्रेझेंट मॅडम' लिहायचे आणि फोन त्याच्या हातात द्यायचे. जे काही आलं ते नंतर वॉर्डात बोलणी खाऊन आलं. माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. पण आमच्या बॅचमध्ये ऑनलाइन खरोखर शिकलेली, एकही तास न बुडवता मन लावून शिकलेली एकच मुलगी होती, आणि ती आज कुठल्याच वॉर्डात नाही.

तिला आम्ही कुजबुज म्हणायचो. नाव पाडलं आमच्या ट्यूटर मॅडमनी, कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात. "मागे कोण कुजबुजतंय?" असं त्या कडाडल्या. ती बिचारी उत्तर देत होती. उभी राहून, अगदी बरोबर उत्तर देत होती, पण शेजारी बसलेल्या मलाही त्यातलं अर्धंच कळलं. वर्ग फिदीफिदी हसला आणि पोरगी जी खाली बसली ती वर्षभर उठली नाही.

तिच्या घरी गेल्यावर मला उलगडा झाला. वडील रात्रपाळीचे पहारेकरी. घर म्हणजे एक खोली आणि कोपऱ्यात ओटा. वडील दिवसा झोपायचे, त्यामुळे त्या घरात तिच्या जन्मापासून कोणी मोठ्याने बोललंच नव्हतं. भांडी ठेवायची ती फडक्यावर, दार लावायचं ते कडीला बोट लावून. तिची आई तर ओठ न हलवता रागवायची. हसू नका, मी समोर बसून पाहिलंय. दोन्ही भुवया वर गेल्या की कुजबुज मुकाट्याने पाणी भरायला उठायची.

कॉलेजात आमचा एक पुतळा होता, रबरी, एक पाय निखळलेला. त्याला झोपाळू मामा म्हणायचो. मामाला सुई टोचायची, मामाला कुशीवर वळवायचं, मामाचा श्वास थांबला म्हणून छाती दाबायची. मॅडम शेजारी उभ्या राहून आमच्या नावाने शंख करायच्या. "अगं मेला तो! कोणाला हाक मारणार आहेस की नाही? की एकटीच स्मशानात नेणार आहेस?" मग आम्ही बोंबलायचो, "सिस्टर, इकडे या! डॉक्टरांना बोलवा!" शेजारच्या वर्गातून लोक बघायला यायचे. आमचा घसा बसायचा, पण भीडही मोडायची. कुजबुजचा नंबर अजून यायचा होता. तेवढ्यात साथ आली आणि कॉलेजला कुलूप लागलं.

बाकी सगळ्या रडकुंडीला आल्या. कोणाचं नेट जाई, कोणाची सासू कॅमेऱ्यात येऊन भाजी निवडत बसे. आणि ही पोरगी फुलली! मॅडम प्रश्न विचारायच्या, आम्ही माइकचं बटण शोधेपर्यंत हिचं उत्तर चॅटमध्ये लिहून तयार. शुद्धलेखनासकट, वर एक जास्तीची ओळ. मॅडम थक्क झाल्या. "अगं, एवढं सगळं येतं तुला? मग वर्गात कुठे असायचीस?" ती लिहायची, "वर्गातच होते, मॅडम." मामाच्या जागी उशी आली. कुजबुजने उशीला बांधलेलं बँडेज मॅडमनी सगळ्यांना दाखवलं, इतकं नीटस. तिच्या पाठीमागे खाटेवर कायम दोन पाय दिसायचे. एकदा मॅडमनी विचारलं, "ते पाय कोणाचे आहेत गं?" हिने लिहिलं, "बाबांचे. जिवंत आहेत." सगळा वर्ग हसला, आणि पहिल्यांदाच तिला नाही, तिच्याबरोबर हसला.

तिने मला त्या दिवसांत लिहिलेलं अजून आठवतं. "मला परत वर्गात यायचंच नाही. इथे मला कोणी 'जरा मोठ्याने बोल' म्हणत नाही." मला खरंच बरं वाटलं होतं. कोणाचं तरी भलं होतंय म्हटलं.

प्रात्यक्षिक परीक्षाही तशीच झाली, ज्याच्या त्याच्या घरी, आपापल्या उशीवर. रुग्ण प्रतिसाद देत नाही असं धरायचं. पहिली पायरी, खांदे हलवून विचारायचं. दुसरी, मदतीसाठी मोठ्याने हाक मारायची. मग पुढचं सगळं. कुजबुजचे वडील नुकतेच ड्यूटीवरून येऊन आडवे झाले होते. तिने उशीचे खांदे हलवले, मग चॅटमध्ये लिहिलं, "मदत! मदत! कोणीतरी लवकर या!" उद्गारचिन्हं वगैरे देऊन. आणि उशी दाबायला लागली. मॅडमनी पूर्ण मार्क दिले. त्यांनी तरी काय करायचं होतं? पडद्यावर एवढ्या पोरी, एवढ्याएवढ्या चौकटी, त्यात त्यांचं स्वतःचं नेट लंगडत होतं. पायरी विसरली नाही ना, झालं तर.

कुजबुज बॅचमध्ये पहिली आली. मी काठावर. आणि नशिबाने दोघी एकाच इस्पितळात, एकाच वॉर्डात लागलो. पुरुषांचा, ऑपरेशन झालेल्यांचा वॉर्ड. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना पलंगांच्या रांगा, एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला आमचं टेबल. कोणी खोकतंय, कोणाची ट्रॉली करकरतेय, कोणाचा मुलगा फोनवर गावभर बातमी देतोय. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचंच.

औषधं, डोस, तक्ते, सगळं तिचं तोंडपाठ. मी अडले की तिलाच विचारायचे. पण रुग्ण मला येऊन विचारायचे, "त्या सिस्टर माझ्यावर रागावल्यात का? काही बोलतच नाहीत." ती बोलत असायची हो! ओठ हलायचे, आवाज मात्र घरी ठेवून आल्यासारखा. आमच्या इन्चार्जबाई मनाने लोणी, तोंडाने करवत. त्यांनी महिनाभर पाहिलं आणि एक दिवस तिला टेबलापाशी उभी केली. "हे बघ, तुझ्या कामात मी चूक काढू शकत नाही. पण हाक न मारणारी नर्स मला नको. एखाद्या दिवशी कोणाच्या तरी जिवावर बेतेल. तुझं प्रोबेशन संपायच्या आत तुझा आवाज या दारापर्यंत पोचला तर तुला कायम करते. नाही पोचला तर सही करणार नाही, पाया पडलीस तरी."

घराची सगळी भिस्त तिच्या नोकरीवर होती. वडिलांना आताशा अंधारात दिसेनासं झालं होतं, आणि रात्री न दिसणाऱ्या पहारेकऱ्याला कोण ठेवणार? तेव्हा मी पदर खोचला. म्हटलं, हिला ओरडायला मी शिकवते. मॅडमनी मामापाशी उभं राहून मला शिकवलं तसंच.

इस्पितळाच्या मागे धुलाईघर आहे. चादरी धुणारी मोठाली यंत्रं दिवसभर घरघरत असतात, त्या आवाजात कोणी काहीही ओरडलं तरी खपतं. जेवणाच्या सुट्टीत तिला तिथे घेऊन जायचे. "ओरड. मला शिवी दे."

"कोणती देऊ?"

"आता शिवीही मीच सुचवू का? दे कोणतीही!"

ती विचार करून म्हणाली, "तू गाढव आहेस." ते सुद्धा एखाद्याचा ताप सांगावा तसं.

"गाढव मी नाही, माझे दिवस गाढवाचे आहेत म्हणून तुझ्यामागे लागलेय. पुन्हा!"

असं किती दिवस चाललं. एक दिवस मी वैतागून निघालेच होते, आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, "सिस्टर, इकडे या!" खणखणीत. मी दचकले. धुलाईघरातला माणूस हातातल्या ओल्या चादरीसकट बाहेर धावत आला, "काय झालं? आग लागली का कुठे?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो.

पण वॉर्डात पाऊल टाकलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मी विचारलं, "तिथे निघतो, इथे का निघत नाही गं?" म्हणाली, "तिथे यंत्रं असतात. इथे माणसं बघतात."

दाराजवळच्या बारा नंबरच्या पलंगावर ड्रायव्हरकाका होते. जन्मभर बस चालवलेली, आता पोटाचं ऑपरेशन झालेलं. बडबडे, सगळ्यांची चेष्टा करणारे. कुजबुजवर त्यांचा भारी जीव. "सिस्टर, तुम्ही हळूच बोला. इंजिनाशेजारी बसून माझे कान गेलेत, पण तुमचं मला बरोबर कळतं. बाकीच्या नुसत्या हॉर्न वाजवतात." असं म्हणून माझ्याकडे बघायचे. ती बोलायला लागली की तिच्या ओठांकडे टक लावून मान हलवायचे. त्यांची बायको सकाळपासून उशाशी बसून असायची. दोनचार दिवसांत ते घरी जाणार होते.

आता आमच्या मोठ्या सरांबद्दल सांगायला हवं. मोठे सर म्हणजे वॉर्डाचे सर्जन. ते दुपारी राउंडला आले की नातेवाईक बाहेर, दार बंद, सगळ्यांचे फोन मुके करून खिशात. त्यांना मध्ये बोललेलं खपायचं नाही. पुढे जे घडलं त्याच्या काहीच दिवस आधी कुजबुजने धीर करून राउंडमध्ये एका रुग्णाबद्दल काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. सर थांबले, कानाला हात लावून वाकले आणि म्हणाले, "आधी बोलायला शिकून या, मग माझा वेळ घ्या." सगळे घोळक्यातले ज्युनियर दात काढून हसले. मेले! तिचा चेहरा मी पाहिला. धुलाईघरामागची सगळी मेहनत त्या एका वाक्याने मातीत गेली.

आणि मग तो दिवस. राउंड चालू होता. आम्ही सगळे टेबलाच्या टोकाला, सरांच्या भोवती. मी ड्रेसिंगची ट्रॉली धरून उभी. कुजबुज दुसऱ्या टोकाला, पडदा ओढून ड्रायव्हरकाकांचे कपडे बदलत होती. त्यांना एकाएकी उलटी झाली. उताणे होते, ती सगळी श्वासात गेली. तिने त्यांना कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, ऑक्सिजन लावला. एकही गोष्ट चुकली नाही. पण घशात अडकलेलं ओढून काढायचं यंत्र आमच्या टोकाला होतं, डॉक्टर आमच्या टोकाला होते, आणि काका गुदमरत होते.

तिने एका हाताने त्यांना धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन काढला.

आमच्या वॉर्डाचा एक ग्रुप आहे. कोणता पलंग रिकामा झाला, कोणाचा रिपोर्ट आला, असलं सगळं त्यावर चालतं. त्यावर तिने लिहिलं. तो मेसेज मी नंतर इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. "बेड बारा. उलटी श्वासनलिकेत गेली असावी. ओठ निळे पडत आहेत. कुशीवर वळवले आहे, ऑक्सिजन लावला आहे. सक्शन मशीन आणि डॉक्टर तातडीने हवेत." एक काना-मात्रा चुकलेली नाही. मग ती कोणी वाचलं का ते बघत राहिली. कोणीच वाचलं नव्हतं. पुन्हा लिहिलं, "कृपया कोणीतरी या." कृपया! मग फक्त, "बेड बारा." आमचे सगळ्यांचे फोन खिशात मुके होऊन पडलेले, आणि सर कोणाच्या तरी टाक्यांवर भाषण देत होते.

फरशी पुसणाऱ्या मावशींनी बादली सरकवायला पडदा बाजूला केला आणि किंकाळी फोडली. आम्ही धावलो. सरांनी स्वतः हात घातला, सगळं केलं. उशीर झाला होता. काका गेले. कुजबुज पलंगाच्या पायथ्याशी उभी होती आणि फोन अजून तिच्या हातात होता.

मी तिला नर्सच्या खोलीत नेऊन गदागदा हलवलं. "हाक का नाही मारलीस? सटवे, धुलाईघरामागे बोंबलत होतीस ना? का नाही मारलीस?" ती माझ्याकडे खरंच न कळल्यासारखी बघत राहिली. म्हणाली, "मारली की." आणि फोन पुढे केला. मला तिचा राग आला, सरांचा आला, मॅडमचा आला, त्या उशीचाही आला. कोणाचा धरून ठेवू तेच कळेना.

नोकरी गेली ती नंतर. आता ती घरीच असते. एका अॅपवर नर्सिंगच्या मुलांच्या शंकांना लिहून उत्तरं देते. परवा इथे शिकायला आलेली एक पोरगी तोंड भरून कौतुक करत होती, त्या अॅपवरच्या मॅडमसारखं कोणी समजावत नाही म्हणून. मी फोन केला तर ती उचलत नाही. कट करते आणि लगेच मेसेज येतो, "बोल, काय म्हणतेस?" मी आता फोन करणं सोडलंय. खरं तर त्या मेसेजवरून तिची नोकरी गेलीच नसती. इन्चार्जबाईंनी त्याच दुपारी आम्हाला सगळ्यांना बजावलं होतं, "अचानक झालं, आपण सगळे लगेच पोचलो, एवढंच सांगायचं." त्यांना वॉर्डही वाचवायचा होता आणि पोरीलाही. कुजबुजकडे वळून म्हणाल्या, "आणि तू तोंड उघडायचं नाहीस." इतके दिवस तोंड उघड म्हणून तिच्या मागे लागलेली बाई!

पण काकांच्या बायकोला आत आणलं तेव्हा कुजबुज परत पलंगापाशी येऊन उभी होती. बाई रडत नव्हत्या. नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी करत होत्या. इन्चार्जबाईंनी ठरलं होतं ते सांगितलं. अचानक झालं, सगळे धावलो. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि मग कुजबुजकडे बघून म्हणाल्या, "मी दाराला लागूनच बसले होते हो. राउंड असला की तिथेच बसते, यांना काही लागलं तर म्हणून. मावशी ओरडल्या तोवर मला आतून काहीसुद्धा आवाज आला नाही. सिस्टर, तुम्ही जवळ होतात ना? मला हाक मारायचीत. मी आले असते."

"मी हाक मारली नाही, काकू!"

सगळा वॉर्ड वळला. खोकणारा खोकायचा थांबला. इन्चार्जबाईंनी तिचा दंड धरला, तिने तो सोडवून घेतला. "हाक मारली नाही मी. मी लिहिलं!"

बाईंना काही कळेना. "लिहिलंत? कोणाला?"

कुजबुजने फोन काढून त्यांच्यासमोर धरला. बाईंनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि परत दिला. "चष्मा नाही गं माझ्याकडे. तूच वाच, बाळ."

तिने वाचलं. दारापासून टेबलापर्यंत, अगदी शेवटच्या पलंगाला ऐकू जाईल अशा आवाजात, एक शब्द न गाळता. ओठ निळे पडत आहेत. डॉक्टर तातडीने हवेत. मग थांबली, बोटाने मेसेज वर सरकवला आणि पुढचं वाचलं, "कृपया कोणीतरी या."

आम्ही सगळे तिथेच उभे होतो, कोणी जागचं हललं नाही.